मोरी पुन्हा पुन्हा तुंबते? प्लंबरला फोन करण्याआधी चेंबरचं झाकण उघडा

आमचं घर मालवण तालुक्यात आहे. जुनं चिरेबंदी घर, त्याला मागीलदारी 2022 साली नवीन स्वयंपाकघर जोडलं. ओटा झाला, स्टीलचं सिंक आलं, आणि मोरीचं पाणी जमिनीखालून अडीच इंची नळीने चेंबरात, म्हणजे झाकण असलेल्या लहान टाकीत, आणि तिथून शोषखड्ड्यात गेलं. मे 2023 मध्ये सिंक पहिल्यांदा तुंबलं. मग गणपतीत, मग पुढच्या जानेवारीत. तीन वेळा प्लंबर बोलावला, तीन वेळा पैसे दिले, तीनही वेळा पाणी धो धो गेलं आणि काही काळाने पुन्हा सिंकमध्ये खरकटं तरंगायला लागलं. गणपतीतला प्रसंग तर विसरता येत नाही. घरात चौदा माणसं, मोदकांच्या उकडीची भांडी पडलेली आणि सिंक काठोकाठ. सगळी भांडी मागच्या विहिरीवर नेऊन घासली.

प्लंबर माणूस वाईट नव्हता. फसवलंही नाही त्याने. पण तो दर वेळी एकच करत होता, नळी मोकळी. नळी तुंबते का, हे त्याने विचारलं नाही आणि आम्हीही नाही. तुमच्याकडे असंच चाललं असेल तर पुढचं वाचा, निदान चौथ्यांदा पैसे घालवण्याआधी.

आधी कुठे अडलंय ते बघा

सिंक तुंबलं की चेंबरचं झाकण उघडायचं. दोन मिनिटांचं काम आहे. सिंक भरलेलं आणि चेंबर कोरडं असेल तर अडथळा या दोघांच्या मधे आहे. चेंबरही भरलेलं असेल तर नळीला हात लावू नका, दुखणं पुढे, शोषखड्ड्याकडे आहे. सिंकमध्ये पाणी सोडल्यावर न्हाणीघराच्या जाळीतून वर येत असेल, तर दोन्ही नळ्या जिथे एकत्र होतात त्याच्या पुढे अडलंय. पाणी जातं पण गुडगुड आवाज करत, घोट घेत घेत जातं, तर नळी अर्धवट भरलीय किंवा हवा जायला वाट नाही. आणि पाणी नीट जातं पण वास येतो, तर तुंबण्याशी त्याचा संबंध नाही. ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवणाऱ्या वळणात, जे दोन इंच पाणी कायम उभं राहायला हवं ते सुकलंय, किंवा ट्रॅप बसवलेलाच नाही. गणपती-शिमग्यालाच उघडणाऱ्या घरांत हा वास हमखास येतो. प्रत्येक जाळीत एकेक तांब्या पाणी ओतलं की जातो. त्यासाठी प्लंबरला पैसे देणारे लोक मी पाहिलेत.

आमच्याकडे दर वेळी सिंक भरलेलं आणि चेंबर कोरडं असायचं. म्हणजे गोष्ट स्वयंपाकघराची भिंत ते चेंबर या बावीस फुटांतली होती. पहिल्या वेळीच झाकण उघडलं असतं तर एवढं तरी कळलं असतं. झाकणावर तुळशीची कुंडी ठेवली होती, म्हणून कोणी उघडलं नाही.

तीन दुरुस्त्या, आणि त्या का टिकल्या नाहीत

पहिल्यांदा प्लंबरने स्प्रिंग, म्हणजे नळी मोकळी करायची लांब लवचीक तार, घातली, पंपाची नळी लावून पाण्याचा मारा केला. पाणी सुटलं. "काय नाय ओ वैनी, निसतो कचरो अडाकलो हुतो. आता बघा पाणी कसा धावता ता." सहाशे रुपये. मागाहून मी त्याची स्प्रिंग मोजली, ती पंधरा फुटांची होती. सिंकपासून जमिनीपर्यंतचे तीन फूट वजा करा, उरले बारा. आमची खरी भानगड तेराव्या फुटाला होती. म्हणून प्लंबरला विचारायचा पहिला प्रश्न: स्प्रिंग किती लांब आहे? आणि दुसरा: आत किती फुटांवर अडली ते खूण करून दाखवशील का? स्प्रिंग अडते तिथे तिला चिकटपट्टी लावायची, बाहेर काढून मोजायची आणि तेवढंच अंतर जमिनीवर मोजत जायचं. हे एवढं केलं असतं तर आमचे पुढचे पैसे वाचले असते.

दुसऱ्यांदा, गणपतीत, त्याने ॲसिड ओतलं. घाई होती, मीही अडवलं नाही. संडास साफ करायचं ॲसिड चरबीवर फारसं चालत नाही, उलट चेंबरचं सिमेंट खातं. कॉस्टिक सोडा चरबीवर चालतो, पण त्यातून होतो साबण, आणि पाणी कमी पडलं तर तो साबण पुढे जाऊन घट्ट बसतो. दोन्ही एकापाठोपाठ एक तर कधीच ओतू नका; आत एकदम उष्णता होऊन उकळतं पाणी तोंडावर उडतं. आणि ॲसिडवर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो, बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. शिवाय नळीत कोणी काही ओतलं असेल तर नंतर येणाऱ्या माणसाला ते सांगायला हवं, कारण हात त्याचा जाणार असतो.

तिसऱ्यांदा त्याने सिंकखालची नळी आणि ट्रॅप बदलला. नवीन बॉटल ट्रॅप, नवी घडीची नळी, साडेतीन हजार रुपये. वस्तू चांगल्या होत्या, पण दुखणं पायाला आणि पट्टी डोक्याला. वर घडीच्या नळीच्या चुण्यांत तेलकट थर बसतो तो वेगळाच. सिंकखाली साधी, आतून गुळगुळीत नळी घाला.

या वेळी त्याचं म्हणणं होतं, "तुमी त्याल ज्यास्ती वापरतास." ते अगदीच खोटं नव्हतं. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं. मार्गशीर्ष-पौषात पहाटे आमच्याकडे पारा विशीच्या आसपास येतो आणि कपाटातल्या बाटलीतलं तेल पांढरं होतं, तसंच ते नळीतही होतं. नारळाच्या रसाची आमटी, सोलकढी, ताटं धुतलेलं पाणी, सगळ्यात हीच चरबी. तिच्यात तांदळाच्या धुवणाची आणि पेजेची खळ मिसळते, वरून खोबऱ्याचा चोथा आणि एखादं खवलं. या मिश्रणाला सिमेंट म्हणायला हरकत नाही. पण शेजारणीकडेही हाच स्वयंपाक होतो आणि तिची मोरी तुंबत नाही. म्हणजे तेल हे निम्मंच उत्तर. उतार नीट असेल तर ही चरबी पाण्याबरोबर वाहून जाते. पाणी जिथे उभं राहतं तिथेच ती थंड होते आणि बसते.

निळीची परीक्षा

ही युक्ती गावातल्या एका जुन्या गवंडी मेस्त्रींची. नळी मोकळी असताना करायची, तुंबलेली असताना नव्हे. अर्ध्या बादलीत कपड्याची नीळ कालवायची, सिंकमध्ये ओतायची. चेंबरात निळं पाणी आलं की दहा मिनिटं थांबायचं. मग दोन-तीन तांबे स्वच्छ पाणी ओतायचं आणि चेंबरात काय पडतं ते बघायचं. ट्रॅपमध्ये थोडं निळं पाणी राहतंच, तेवढं सोडून द्या. उतार ठीक असेल तर नंतर पाणी पटकन फिकं होतं. आमच्याकडे तीन तांबे ओतले तरी गडद निळंच येत राहिलं. म्हणजे आत कुठेतरी चांगलं चार-पाच लिटर पाणी बसून होतं.

मेस्त्रींनी चेंबरात बघितलं आणि मला म्हणाले, "पाणी कधी चढ चढता काय गो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीवरची माती काढली. वीतभर खालीच होती. मग लेव्हलची पारदर्शक ट्यूब पाण्याने भरून भिंतीपासून दर हातभर अंतरावर नळीच्या पाठीची उंची घेतली आणि ती खडूने भिंतीवर लिहीत गेलो. पहिले तेरा फूट नळी चार इंच उतरली होती, अगदी हवी तशी. तेराव्या फुटाला जमिनीतून जांभ्याचा उंचवटा वर आलेला. तिथून पुढे नळी तो उंचवटा ओलांडायला दीड इंच चढली आणि तशीच चेंबरात शिरली. अडीच इंची नळीत दीड इंच पाणी कायमचं, आणि ते मागे-पुढे मिळून जवळजवळ चौदा फूट पसरलेलं. 2022 साली काम करणाऱ्याने जांभा फोडायचा कंटाळा केला, एवढंच. वरून माती ओढली, फरशी झाली, पैसे चुकते. आम्ही त्या दिवशी वास्तुशांतीच्या गडबडीत होतो.

उताराचा हिशेब सोपा आहे. मोरीच्या नळीला चाळीसला एक धरायचा, म्हणजे दहा फुटांना तीन इंच. आमच्या बावीस फुटांना साडेसहा इंच हवे होते, मिळाले होते अडीच. पुष्कळ लोकांना वाटतं जितका जास्त उतार तितकं चांगलं. तेही खरं नाही. फार तीव्र उतारावर पाणी पुढे पळतं आणि जाडसर मळ मागे राहतो.

नशीब असं की नळी चेंबरात तळापासून पाच इंच वर उघडत होती. शेवटचे नऊ फूट जांभा फोडून नळी चार इंच खाली घेतली आणि चेंबरला हात न लावता काम झालं. टिकाव आणि छिन्नीने दोन माणसांना दीड दिवस लागला. भिंतीबाहेर जिथे नळी वळते तिथला साधा एल्बो काढून झाकणाचा बेंड बसवला, म्हणजे पुढे कधी स्प्रिंग घालायची झाली तर सिंक उचकटायला नको. हा बेंड सुरुवातीलाच हवा होता. नव्या घरात नळी जिथे जिथे वळते तिथे तो मागून घ्या, किमतीत फरक किरकोळ असतो.

नळी मी स्वतः दुकानात जाऊन आणली. नळीवर छापलेलं वाचा. सांडपाण्यासाठीच्या नळीवर आयएस 13592 आणि टाईप बी असतं. टाईप ए पातळ असते, ती पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या नळीला. काढलेल्या नळीवर टाईप ए होतं. बिलात मात्र तेव्हा फक्त "पाईप" लिहिलेलं.

काम उघडं असतानाच पैसे आणि परीक्षा

आता व्यवहाराचं. कोकणात प्लंबर हा बहुतेक वेळा शेजारच्या वाडीतला, कोणाचा तरी भाचा. त्याच्याशी भांडता येत नाही, कारण उद्या लग्नात पंगतीला शेजारी बसायचं असतं. आणि भांडलात तर पुढच्या वेळी "फाल्या येतंय" (उद्या येतो) ऐकत पंधरा दिवस बसाल. गणपतीच्या आधीचा महिना आणि मे महिना तो कोणालाच सापडत नाही, चाकरमान्यांची घरं उघडत असतात. म्हणून मोरीचं मोठं काम काढायचं तर दिवाळीनंतर ते होळीच्या आत. माती कोरडी असते, शोषखड्डा रिकामा असतो, माणूसही मिळतो.

काम ठरवताना "मोरी दुरुस्त करून दे" असं म्हणू नका. त्याचा अर्थ तो त्याच्या सोयीने लावणार. मी या वेळी व्हॉट्सॲपवर असं लिहून पाठवलं: भिंत ते चेंबर नळी उघडणे, उतार बावीस फुटांना साडेसहा इंच, झाकणाचा बेंड एक, माल आमचा, मजुरी अमुक, पाणी सोडून बघितल्याशिवाय माती ओढायची नाही. समोरून अंगठा आला. तेवढं पुरे झालं. पैसे तीन टप्प्यांत: थोडा इसार, नळी बसल्यावर निम्मे, उरलेले आठ दिवसांनी. आठ दिवसांची अट ऐकून माणूस जरा नाराज होतो, पण काम चांगलं करणारा नाही म्हणत नाही.

माती ओढण्याआधीची परीक्षा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. झाकणाच्या बेंडमधून एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने चेंबरात लहान आरसा तिरका धरून नळीत बघायचं. पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसला पाहिजे. पौर्णिमा दिसली तर नळी सरळ आहे, अष्टमी दिसली तर कुठेतरी वर-खाली आहे. मग चेंबरच्या तोंडाला बोळा मारून नळी पाण्याने भरायची, अर्धा तास थांबायचं, एकेक जोड हाताने चाचपायचा. ओला लागला की तिथेच पुन्हा काम. शेवटी निळीची परीक्षा परत. आणि नळीखाली सगळीकडे रेती भरलीय ना, हे बघा. पोकळीवर लोंबणारी नळी पहिल्या पावसात माती बसली की पोट काढते.

जुन्या प्लंबरला मी काय सांगितलं? पैसे परत मागितले नाहीत. नळी उघडी होती तेव्हा त्याला फोन करून बोलावलं आणि चहा दिला. भिंतीवरचे खडूचे आकडे त्याने स्वतः वाचले. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला की नळी त्याने घातलेली नव्हती. खरंच होतं ते. त्यानंतरच्या एका पाचशे रुपयांच्या कामाचे त्याने पैसे घेतले नाहीत. मोठी रक्कम अडकली असेल आणि माणूस दादच देत नसेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि 1915 या हेल्पलाइनवर आधी विचारता येतं. पण तिथेही पावती, फोटो आणि तो अंगठाच लागणार.

पावसाळ्यातलं तुंबणं वेगळं

ज्यांची मोरी फक्त आषाढ-श्रावणात तुंबते त्यांनी वरचं सगळं करून उपयोग नाही. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जमिनीतलं पाणी वर आलं की शोषखड्डा शोषणार कुठे? चेंबर काठोकाठ, नळी मोकळी. अशा वेळी प्लंबर येऊन स्प्रिंग फिरवेल, पैसे घेईल आणि जाईल. आधी बघा, पागोळ्यांचं पाणी कोणी त्याच चेंबरात सोडलंय का. आमच्या वाडीत दोन घरांत तसंच निघालं. ते तोडून गडग्याबाहेर, दगडी कुंपणाच्या पलीकडे, काढलं की निम्मा भार गेला. उरलेल्यासाठी शोषखड्ड्याच्या वरच्या अंगाला एक नळी काढून माडाच्या आळ्यांकडे सोडायची, मोरीचंच पाणी असेल तर. संडासाची टाकी वेगळी हवी, आणि तिच्यात कोणीही उतरायचं नाही, कितीही ओळखीचा गडी असला तरी. आतला वायू दिसत नाही. शोषखड्डा नव्याने काढणार असाल तर विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब. जांभ्याच्या भेगांतून पाणी भलतीकडे जातं, त्यामुळे जास्त ठेवता आलं तर ठेवाच.

सासूबाई हे सगळं बघून एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळेक मोरीचा पाणी केळीत जायचा, ता कधी तुंबूक नाय." उघड्या दगडी पन्हळीतून जायचं ते, आणि चोथा अडला की कोणीतरी पायाने सरकवायचं. त्यावर काय बोलणार!

आम्ही एक सवय मात्र त्यांच्याकडूनच उचलली. मासे सिंकमध्ये धुवायचे नाहीत. मागीलदारी आडाळ्यावर (विळीवर) कापायचे, ते पाणी केळीला. भांड्यातली चरबी आधी कागदाने पुसायची. आणि नळी चेंबरात शिरण्याआधी मेस्त्रींनी दोन फूट बाय दीड फुटाचा एक लहान चिऱ्याचा हौद बांधून दिलाय. पाणी बाहेर पडणारी नळी त्यात खाली तोंड करून बुडवलेली, त्यामुळे वरची चरबी तिथेच तरंगत राहते. दर पंधरा दिवसांनी करवंटीने ती काढून मातीत पुरायची. काम घाणेरडं आहे, दहा मिनिटांचं आहे, आणि घरात कोणालाच ते आवडत नाही. थंडीत हौदावर पांढरी साय धरते ती बघितली की कळतं, हे सगळं आधी कुठे जात होतं.

हे फेब्रुवारी 2024 मधलं. त्यानंतर दोन पावसाळे आणि दोन गणपती गेले, सिंक तुंबलेलं नाही. न्हाणीघराची मोरी मात्र अजून गुडगुडते. तिथे हवेची नळी नाही, असं मेस्त्रींचं निदान आहे. गेल्या सोमवारी फोन केला होता. फाल्या येतंय म्हणाले.